परीक्षकाची शिकवणी

लॅटिन बॉलरूम नृत्याच्या स्पर्धेत जय मोजण्यास घड्याळ नाही की पट्टी नाही. सांबा, चाचाचा, रुम्बा, पासो डोब्ले, जाइव्ह ही पाच नृत्ये जोडीने करावयाची. अंतिम फेरीत प्रत्येक परीक्षक जोड्यांना क्रम देतो आणि बहुमताने निकाल लागतो. डॉनी बर्न्स व गेनर फेअरवेदर या जोडीने १४ वेळा विश्वविजेतेपद मिळविले. असे भाग्य विरळाच. इतरांची उपजीविका बहुतांशी शिकवण्यांवर चालते. पुढे तेच नर्तक परीक्षक होतात. त्यामुळे ज्या गुरूकडे सकाळी शुल्क मोजले, तोच रात्री कागद घेऊन कडेला उभा असतो, असेही घडते.

यास लाच म्हणावे काय? पैशाच्या मोबदल्यात विद्या मिळाली. व्यवहार चोख झाला. (आपल्याकडे गुरुदक्षिणा विद्या पुरी झाल्यावर देत, हा भेद मात्र लहान नव्हे.) परीक्षक बहुधा खोटेही वागत नाही. जी पाऊलठेवण त्याने स्वतः शिकविली, तीच त्याला मनापासून सुंदर वाटते. खरा पेच येथेच आहे, कारण प्रामाणिक पक्षपाताला स्वतःची लाज वाटत नाही. शुल्क न परवडणारी जोडी मागे पडते. आणि पुढे गेलेल्या जोडीलाही आपण नाचलो म्हणून जिंकलो की शिकलो म्हणून, हे कधी कळत नाही.

शिक्षकांना परीक्षणातून वगळावे, तर जाणकार उरणार किती? माझ्या मते प्रत्येक परीक्षकाने वर्षभरात कोणास शिकविले, त्याची यादी स्पर्धेपूर्वी सभागृहाच्या दाराशी लावावी. परीक्षकांची संख्या वाढविणे हा उपाय अपुरा वाटतो. एकाच परंपरेतील अकरा जण पुष्कळदा एकाच डोळ्याने पाहतात.