पेटीचे स्क्रू

देगलूरमध्ये पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणारे एक आबा होते. तेलंगणाची हद्द जवळच, त्यामुळे मराठी भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे येत, तशा तेलुगू भजनवाल्यांच्याही येत. त्यांचा नातू अकरावीत होता आणि त्याला संगणकावरच्या तालाच्या खेळांचं वेड होतं.

त्याचा आवडता खेळ दोघा-तिघांनी मिळून बनवलेला होता. त्यात ड्रम होते, हलगी मात्र नव्हती. हलगी आपणच घालायची, असं त्यानं ठरवलं. खेळाचा सोर्स कोड बंद होता. तयार प्रोग्राम उलगडून दाखवणारी साधनं वापरून त्यानं कित्येक रात्री जागवल्या. आतली नावं मुद्दाम विस्कटलेली होती, तरी हवी ती जागा सापडली आणि हलगी कडाडली. आठवडाभरानं अपडेट आलं, आतली मांडणी बदलली आणि खेळ उघडेनासाच झाला. त्यानं पुन्हा जोडलं. पुढच्या अपडेटनं पुन्हा मोडलं.

"काय करायलास रे रातभर?" आबांनी विचारलं. नातवानं रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

आबांनी समोरच्या पेटीचे स्क्रू काढले. "लेकरा, ही पेटी मूळची युरोपातली. तिकडं खुर्चीवर बसून पायानं भाता चालवायचे. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हातानं चालेल अशी केली, म्हणून आपल्याला मांडी घालून वाजवता येते. ह्या सुरांच्या पट्ट्या बघ. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. करणाऱ्यानं त्या काढता येतील अशा बसवल्यात, म्हणून माझा धंदा चालतो. पण पेटीची चौकट मी कधी कापत नाही. जिथं स्क्रू दिलाय, तिथंच हात घालतो. तुझ्या खेळाला असा स्क्रू आहे का? करणाऱ्याला विचारलंस का कधी?"

विचारलं नव्हतं. त्याच रात्री त्यानं खेळ बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. तुमचा कोड नको, फक्त आमची गाणी आणि आवाज ठेवायला एक फोल्डर द्या, त्याची मांडणी अपडेटमध्ये बदलू नका, एवढंच मागितलं.

उत्तराची वाट बघताना तो 'ओसू!'कडे वळला. ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्ट यांनी 2007 साली आणलेला हा तालाचाच खेळ; पडद्यावर उमटणाऱ्या वर्तुळांवर तालात टिचकी मारायची. त्याचाही प्रोग्राम बरीच वर्षं बंदच होता. पण प्रत्येक गाण्याचा नकाशा साध्या मजकुराची फाइल असतो. कोणतं वर्तुळ कुठं आणि कितव्या मिलिसेकंदाला उमटणार, ते ओळीओळीनं लिहिलेलं. नकाशासोबत स्वतःचे आवाजही जोडता येतात. खेळणाऱ्यांनीच असे असंख्य नकाशे रचले आहेत.

नातवानं आबांच्या मंडळाचं भजन त्यांना विचारून रेकॉर्ड केलं. मिनिटाला 120 ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये 500 मिलिसेकंदांचं अंतर, असा हिशेब त्यानं मांडला. पण भजन रंगलं की लय चढते, एका आकड्यात ती मावत नाही. मग आबा मांडीवर ताल धरून बसले आणि लय चढेल तिथं नातू नवा आकडा लिहीत गेला. पंधरा दिवसांत नकाशा पुरा झाला. प्रत्येक अचूक टिचकीला हलगी वाजू लागली. नंतर अपडेट आलं, तरी हलगी वाजतच राहिली.

तात्पर्य: बंद खेळाच्या कोडमध्ये घुसून केलेला बदल पुढच्या अपडेटपर्यंतच जगतो. करणाऱ्यानं मोकळ्या ठेवलेल्या जागी केलेलं काम टिकतं. म्हणून खेळणाऱ्यांनी आधी ती जागा शोधावी, नसेल तर मागावी. आणि खेळ बनवणाऱ्या लहान चमूंनो, सगळा कोड देणं तुम्हाला परवडत नसेल, तर निदान गाण्यांचा एक फोल्डर उघडा ठेवा. देगलूरची हलगी तुमच्या खेळात तेवढ्यानंही वाजू शकेल.