पट्टीखालचं पान

आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट होतं. त्यात दोन चंचुपात्रं, स्पिरिटचा दिवा, चिमटा, आयोडीनची बाटली आणि बाकी धूळ. नववीत असताना एका शुक्रवारी सरांनी ते उघडलं आणि म्हणाले, "लेको, सोमवारी प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग. झाडाला अन्न करायला ऊन लागतं, हे डोळ्यांनी बघायचं."

कृती पुस्तकात होती. कुंडीतलं झाड दोन दिवस अंधारात ठेवायचं, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपतो. मग एका पानाला मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावून झाड उन्हात ठेवायचं. काही तासांनी ते पान तोडून आधी पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटमध्ये. स्पिरिटचं भांडं थेट जाळावर न धरता गरम पाण्यात ठेवायचं, नाहीतर भडका उडतो. हिरवा रंग उतरून पान पांढरट झालं की वर आयोडीन. ऊन खाल्लेला भाग निळाकाळा होतो, पट्टीखालचा होत नाही.

अंधाराचं काम माझ्याकडं आलं. आमच्या दारात डालड्याच्या डब्यात लावलेली जास्वंद होती. ती मी कणगीमागं नेऊन ठेवली. शनिवारी शाळा, रविवारी दिवसभर मळ्यात. सोमवारी पहाटे डबा सायकलला बांधला आणि शाळेत पोचता केला.

दुपारी सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. सरांनी आयोडीन टाकलं. पान काळं पडलं. सगळंच पडलं. पट्टीची खूण जेमतेम कळत होती, पण तिच्याखालचा भागही काळाच. सरांनी पान चिमट्यानं उलटसुलट केलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "तास संपत आलाय. पुस्तकात दिलंय तसं निरीक्षण लिहा."

आम्ही लिहिलं. 'पट्टीखालील भाग निळाकाळा झाला नाही.' सुबक आकृती काढली. माझ्या बाकावरच्या सोबत्यानं मात्र लिहिलं, 'सगळं पान काळं झालं.' त्याच्या वहीवर तांबडी फुली आली. वर्गात सर म्हणाले, "डोळे तपासून घे रे." पोरं हसली. मीही हसलो.

संध्याकाळी आजीला पान काळं पडल्याचं सांगितलं, तर ती म्हणाली, "आरं, मुक्या जिवाला कशापायी कोंडलं व्हतंस? मी आपली दोन्ही दिस उनात ठिवली, पानी घातलं, आन् दिवस मावळताना परत आत. तू वरडशील म्हून."

म्हणजे पान खरं बोलत होतं. त्याच्या पोटात आधीच्या दिवसांची शिल्लक होती, म्हणून पट्टीखालीही रंग आला. हे त्या वर्गात मला एकट्यालाच ठाऊक झालं. दुसऱ्या दिवशी उठून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सरांची भीती होती, आजीला हसतील अशी लाज होती, आणि माझ्या वहीत 'छान' असा शेरा होता.

पुष्कळ वर्षं मी मनाची समजूत घालत आलो. आम्ही लिहिलेलं खोटं थोडंच होतं? झाडाला ऊन लागतंच. इंगेनहाउझनं १७७९ सालीच ते दाखवून दिलं होतं. निष्कर्ष खरा असेल, तर निरीक्षण थोडं जुळवून घेतल्यानं कुणाचं काय बिघडलं?

पुढं व्हॅन हेल्माँटची गोष्ट वाचली आणि ही समजूत ढिली झाली. सतराव्या शतकातला हा माणूस. त्यानं सुमारे ९० किलो वाळवलेल्या मातीत सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड सुमारे ७७ किलोंचं झालं, माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. त्यानं ठरवलं, झाड पाण्यापासूनच बनतं. निष्कर्ष चुकला, कारण हवेतून झाड काय घेतं ते त्याला उमगलं नव्हतं. पण वजनं त्यानं जशी आली तशीच मांडली, म्हणून मागून येणाऱ्यांना विचारता आलं, मग एवढं वजन आलं कुठून?

त्याचं निरीक्षण खरं, निष्कर्ष चुकीचा. आमचा निष्कर्ष खरा, निरीक्षण खोटं. आणि कामाला आलं ते त्याचं. त्या दिवशी आम्ही 'असं का झालं?' एवढंच विचारलं असतं, तर झाड अंधारात का ठेवतात, पान रात्री आपली शिल्लक कशी मोडून खातं, हे सारं त्या एका 'फसलेल्या' पानानं शिकवलं असतं. आम्ही त्याच्या तोंडावर पुस्तक ठेवलं.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे कळायला इतका उशीर व्हायला नको होता. शिवारात पाऊल न टाकता लिहिलेला पंचनामा आम्ही अनुभवला आहे. कागदावर पीक बरं आणि रानात नुसती धसकटं. तेव्हा आम्ही चिडलो, शिव्या घातल्या. पण न बघता लिहायचा, बघूनही दुसरंच लिहायचा पहिला धडा आम्ही कुठं गिरवला होता? सरांना मी दोष देत नाही. एक कपाट, साठ पोरं आणि संपत आलेला तास. त्यांना खरं कारण माहीत नव्हतं. मला होतं.

परवा गावच्या जत्रेत तो सोबती भेटला. आता नातवंडं आहेत त्याला. चहा पिता पिता मी सगळं सांगून टाकलं. आजी, कणगी, ऊन, सगळं. तो कप हातात धरून गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजी पान खरंच काळं व्हतं?"

मी म्हटलं, "होय. सगळं काळं होतं."

"मला वाटायचं, माझंच काईतरी चुकलं आसंल," तो म्हणाला, आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.