वरातीतला साधक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


आज आपण अशा माणसाचं चिंतन करू, ज्याच्या तालावर आपण नाचतो पण ज्याचं नाव कधी विचारत नाही. तो म्हणजे बँडवाला.

लग्नसराईत आपल्या इंदूरमध्ये कुठलीही वरात बघा. लाल कोटातला वीस-बावीस वर्षांचा मुलगा ट्रम्पेट फुंकत असतो. पहाटे तो यमन घोटतो, रात्री घोडीपुढे नागिनची धून वाजवतो. देवशयनी एकादशीला आपण चातुर्मासाचे नेम धरतो आणि त्याच दिवसापासून त्याच्या वराती थांबतात, त्या थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मधे गणपती आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, तेवढाच काय तो आधार. घरचे म्हणतात, "सोड ती पिपाणी, दुकानात लाग." त्यालाही वाटू लागतं, आपण कलाकार कसले, भाड्याचे वाजंत्री!

अशा मुलाला मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांची गोष्ट सांगावी. कोलकात्यात त्यांचे गुरू नुलो गोपाल प्लेगने गेले. पोटासाठी बाबा मिनर्व्हा थिएटरच्या वाद्यवृंदात लागले. नाटकातल्या नाचगाण्यांना साथ करायची, आणि उरल्या वेळात सनई, क्लॅरिनेट, व्हायोलिन, जे मिळेल ते शिकायचं. पुढे रामपूरला वजीर खाँसाहेबांचे पाय धरले. मैहरला शारदामातेच्या चरणी स्थिरावल्यावर, १९१८च्या सुमारास, त्यांनी अनाथ मुलं गोळा करून काय उभं केलं? बँडच! बंदुकीच्या नळ्या कापून त्याचं नलतरंग केलं. रविशंकर आणि अली अकबर खाँ याच बाबांचे शिष्य.

थिएटरच्या नोकरीला बाबांनी हलकं मानलं नाही, आणि तिथेच थांबलेही नाहीत. प्रत्येक जण अल्लाउद्दीन होणार नाही, हे खरं आहे. पण उसन्या कोटात, दमलेल्या छातीनेही जो सूर खरा लावतो, त्याची सेवा सद्गुरुचरणी रुजू होतेच.

आता आपलं काय? माऊलींनो, या लग्नसराईत तीन नेम धरू या. बँडवाल्यांचे ठरलेले पैसे वरात लागताच द्यायचे, घासाघीस नाही. त्यांना पंगतीत बसवून जेवू घालायचं. आणि वाजवणाऱ्या मुलाला नाव विचारून म्हणायचं, "बाळा, आता तुझ्या आवडीचं काहीतरी वाजव."

दोन मिनिटं वरात थांबली तर मुहूर्त टळत नाही.

॥ जय गुरुदेव ॥