उणे ५१७ म्हणजे काय?

लिनक्सचा संगणक सुरू होताना पडद्यावरून झरझर ओळी सरकतात. त्यांतली एक मला बरीच वर्षं खुपत आली आहे. एखाद्या उपकरणाचं नाव आणि पुढे ‘प्रोब फेल्ड, एरर -५१७’, म्हणजे उपकरण सुरू करण्याचा प्रयत्न फसला. नवखा माणूस ती वाचून घाबरतो, बोर्ड बदलायला निघतो. प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसतं. उपकरणाला लागणारा वीजपुरवठा किंवा क्लॉक सांभाळणारा ड्रायव्हर अजून तयार नसतो, एवढंच. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतं आणि सगळं सुरळीत चालू होतं. -५१७ म्हणजे ‘नंतर ये’. ही सोय २०१२ मध्ये ३.४ या आवृत्तीत आली. तिच्याबरोबर या भलत्या धोक्याच्या ओळीही आल्या.

अशा आकड्यांत बोलणाऱ्या संदेशांचं मूळ जुनं आहे. युनिक्सच्या सुरुवातीला संदेश लिहिणारा आणि वाचणारा बहुधा एकाच खोलीत बसत. केन टॉम्पसनचा ‘एड’ हा एडिटर चूक झाली की नुसतं प्रश्नचिन्ह छापायचा. टेलिटाइपवर एकेक अक्षर खडखडत उमटायचं, तेव्हा तो मितभाषीपणा शहाणपणाचाच होता. चुकांना अंक मिळाले: २ म्हणजे फाइल नाही, ५ म्हणजे वाचता-लिहिता आलं नाही, १२ म्हणजे मेमरी उरली नाही. लिहिणाऱ्याला ते तोंडपाठ असत.

१९९१ मध्ये लिनक्स आलं आणि वाचणारा दूर गेला, परका झाला. तरी कर्नेल कोसळलं की ‘ऊप्स’ नावाच्या संदेशात नुसते हेक्साडेसिमल पत्ते येत, त्यांवरून फंक्शनची नावं काढायला वेगळं साधन चालवावं लागे. २००३ अखेरच्या २.६ मध्ये कर्नेल स्वतःच नावं छापू लागलं.

मला सर्वांत आवडतो तो कर्नेलच्या लेखनशैलीतला एक नियम: कोडची ओळ लांबली तर तोडा, पण संदेशाचं वाक्य तोडू नका. कारण अडलेला माणूस पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे कोडमध्ये शोधतो. वाक्य दोन ओळींत विभागलं तर त्याला ते सापडतच नाही. नियम एवढासा, पण त्यात समोरच्या माणसाची केवढी काळजी आहे!

२०२० मध्ये दोन गोष्टी घडल्या. ५.५ पासून अंकाऐवजी त्या चुकीला दिलेलं नाव छापता येऊ लागलं. ५.९ मध्ये ‘डेव्ह एरर प्रोब’ हे फंक्शन आलं. खरी चूक असेल तर ते ती ठळक सांगतं. -५१७ असेल तर लॉगमध्ये गाजावाजा करत नाही, आणि थांबण्याचं कारण उपकरणाच्या नावापुढे जपून ठेवतं. उपकरण खरोखरच अडकून पडलं, तर थांबलेल्यांच्या यादीत ते कारण वाचायला मिळतं. कधी गप्प राहायचं हेही संदेश लिहिणाऱ्याला कळायला हवं, हे इथे पहिल्यांदा नीट कोडमध्ये उतरलं असं मला वाटतं.

काही ड्रायव्हरांत जुनी ओळ अजून आहे. दिसली की मी ती बदलतो. बदल दोन-तीन ओळींचाच असतो. वेळ जातो तो संदेशातले चार शब्द ठरवण्यात.