दुखणं आधी लिहून घ्या

हिरकणीवाडीत पाय दुखणं ही तक्रार मानलीच जात नाही. गाव महाड तालुक्यात, रायगडाच्या पायथ्याशी. इथून गडावर जाणारा रोपवे १९९६ साली सुरू झाला, तरी चित दरवाजाच्या वाटेवरच्या चौदाशेच्या वर पायऱ्या काही कमी झाल्या नाहीत. गडावर येणाऱ्यांना ताक-सरबत विकायचं, झुणका-भाकर करून घालायची, म्हणून इथल्या बायका वर्षानुवर्षं ओझं घेऊन हा चढ चढत आल्या. जुलैत लावणी लागली की दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं. संध्याकाळी मांड्या भरून येतात, पोटरीत गोळे येतात. तेल चोळायचं आणि झोपायचं.

अशा गावातल्या पंचावन्न-साठीच्या बाईच्या छातीत दुखतं. मुलगा मुंबईला नेतो, अँजिओप्लास्टी होते आणि ती गोळ्यांची पिशवी घेऊन परत येते. त्यात एक कोलेस्टेरॉलची गोळी असते, रात्री जेवल्यावर घ्यायची. महिन्या-दीड महिन्याने उकिडवं बसून उठताना मांड्या धरायला लागतात. हे दुखणं नेहमीचं नाही, हे तिला कळतं. लावणीचं दुखणं दोन दिवसांत ओसरतं, हे ओसरत नाही. ती डॉक्टरांना सांगते, "डॉक्टर, मांड्या धरतात हो." डॉक्टर म्हणतात, "वय झालं आता, मावशी." बाहेर पंचवीस माणसं नंबर लावून बसलेली असतात. ती घरी येते आणि कुणालाही न सांगता गोळी बंद करते.

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते या न सांगता बंद केलेल्या गोळीविषयी. वाद घालणाऱ्या रोग्याचं काहीतरी होतं: डोस कमी होतो, गोळी बदलते. गप्प राहणारा रोगी उपचारातून निसटतो आणि कुठल्याही नोंदीत ते दिसत नाही.

गोळी बंद होणं ही किरकोळ गोष्ट नाही. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका बुरशीतून स्टॅटिन जातीचं, म्हणजे अशा कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांतलं, पहिलं द्रव्य वेगळं काढलं. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला ते अडवतं. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत पहिलं स्टॅटिन बाजारात आलं. हृदयरोग असलेल्या ४,४४४ रुग्णांवर स्कँडिनेव्हियात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा सुमारे साडेपाच वर्षांत मृत्यू तीस टक्क्यांनी घटलेले दिसले. ज्याच्या हृदयात स्टेंट बसला आहे, त्याच्यासाठी ही गोळी म्हणजे उपचाराचा गाभा आहे. तिच्याविषयी नुसती भीती पसरवणाऱ्यांशी माझं जराही जमत नाही.

पण त्रासाचं काय? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी याचा फार सुंदर शोध घेतला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध केला. स्टॅटिनचा त्रास झाला म्हणून गोळी सोडून दिलेली साठ माणसं त्यांनी निवडली. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत खरी गोळी, चारांत तशीच दिसणारी औषधाविना गोळी, चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात कुठली बाटली येईल याला ठरलेला क्रम नव्हता. रोज त्यांनी आपल्या त्रासाला शून्य ते शंभरमधला आकडा द्यायचा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी आकडा आला ८, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३ आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे त्रास खरोखरच दुप्पट झाला होता. पण त्याचा नव्वद टक्के भाग औषधाचा नव्हता, गोळी घेतो आहोत या जाणिवेचा होता.

हा निष्कर्ष दवाखान्यात पोचेपर्यंत "सगळे मनाचे खेळ आहेत" एवढाच उरतो, आणि हा मला अन्याय वाटतो. मुळात हा प्रयोग उभाच राहिला तो रोग्यांचा शब्द रोज, आकड्यानिशी लिहून घेतला म्हणून. दुखतं हे कुणी नाकारलं नाही. कशाने दुखतं एवढंच शोधलं. आणि वर्ष संपल्यावर ज्याचा त्याला त्याचा आलेख दाखवला, तेव्हा साठांपैकी निम्म्यांनी आपण होऊन गोळी पुन्हा सुरू केली. "काही नाही होत" असं दरडावून ही माणसं परत आली नसती.

२०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एकोणीस चाचण्यांचा, एक लाख चोवीस हजारांच्या आसपास माणसांचा एकत्र हिशोब आला. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी स्नायूंचं दुखणं सांगितलं आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी. स्नायू सगळ्यांचेच दुखतात. हिरकणीवाडीत तर जास्तच. गोळीमुळे वाढलेला भाग छोटा आहे आणि तो मुख्यतः पहिल्या वर्षात दिसतो, हजार माणसांमागे सुमारे अकरा. छोटा असला तरी तो आहे, आणि त्या अकरांतली एखादी बाई रायगडाच्या पायऱ्या चढून पोट भरत असेल, तर "सौम्य दुष्परिणाम" या शब्दांनी तिचं काय होणार? खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला जे सौम्य, ते तिची रोजची मजुरी बुडवू शकतं. चालण्याने स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूंना जादा इजा होते का, हे नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथे चार दिवसांच्या लांब पदयात्रेत तपासलं गेलं. तशी इजा आढळली नाही, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. हा दिलासा तिला सांगायला हवा. पण आधी तिचं ऐकून तर घ्यायला हवं.

कारण कधी कधी खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन २००१ च्या ऑगस्टमध्ये बायर कंपनीला जगभरातून मागे घ्यावं लागलं. स्नायू विरघळून, मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं दगावली होती, आणि जेमफायब्रोझिल हे दुसरं औषध सोबत घेणाऱ्यांना धोका फार जास्त होता. आजच्या गोळ्यांत हे अतिशय क्वचित घडतं. तरी लघवी चहाच्या रंगाची झाली, अंगात उठायची ताकद राहिली नाही, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, हे गोळी देतानाच सांगितलं पाहिजे. खोकल्यासाठी दुसऱ्याच डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तर काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण चढतं. थायरॉइड मंदावलेला असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. मग दुखण्याचा दोष गोळीच्या माथी जातो आणि मूळ आजार तसाच राहतो. हे सगळं साध्या रक्ततपासणीने आणि चालू गोळ्यांची नावं पाहून उलगडतं.

त्यासाठी कुठली गोळी चालू आहे हे तरी कळायला हवं. दुकानातून सात-आठ गोळ्या घेतल्या की पत्ती कात्रीने कापून मिळते. नाव त्या तुकड्यावर राहतं नाहीतर दुकानातल्या उरलेल्या पत्तीवर. बाईच्या पिशवीत चंदेरी तुकडा असतो, त्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं. "ती छोटी पांढरी, रात्रीची," एवढंच ती सांगू शकते. रक्त पातळ करायची गोळीही छोटी आणि पांढरीच असू शकते. त्रासाला कंटाळून तिने कोलेस्टेरॉलची म्हणून स्टेंट उघडा ठेवणारी गोळी बंद केली, तर महिनाही न लागता अनर्थ होऊ शकतो.

ऐकण्यातून शास्त्र घडतं याचा दाखला शोधायला महाडच्या लोकांना लांब जावं लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर याच तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून त्यांनी काय काय होतं ते टिपलं: ओकाऱ्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग भरत जाणारी फुप्फुसं. ती निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि जिथे चाळीस टक्क्यांच्या आसपास माणसं दगावत, तिथे ते प्रमाण एक टक्क्यावर आलं. मोठी यंत्रं नव्हती. रोगी काय सांगतो आणि त्याच्या अंगावर काय दिसतं, हे रात्रभर जागून लिहिण्याची तयारी होती.

विंचवाचं विष तासाभरात बोलतं, गोळीचा त्रास महिन्यांनी; म्हणून नोंदीची गरज उलट जास्त आहे. देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम २०१० पासून आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे तो चालतो. रोग्याने स्वतः भरायचा फॉर्म मराठीत आहे, १८००-१८०-३०२४ हा फुकट फोन आहे. औषधानेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरतो. मात्र दुकानाच्या काउंटरवर हा फॉर्म ठेवलेला मी पाहिलेला नाही.

तिशीपुढच्या माणसांची रक्तदाब-मधुमेहाची माहिती भरायला आशाताई घरोघर जातातच. त्यांच्या कागदावर आणखी एक ओळ हवी, आणि त्या ओळीसाठी त्यांना वेगळा मोबदलाही मिळायला हवा: रात्रीची गोळी चालू आहे का, आणि बंद केली असेल तर काय व्हायला लागलं म्हणून?