वडिलार्जित बंदुकीचे मोल

बेळगाव-निपाणीकडील काही जुन्या घरांत खंडेनवमीस वडिलार्जित ठासणीची बंदूक पुजली जाते. वाटणीच्या वेळी ती विकावी काय, असा प्रश्न उभा राहतो. कायद्याचे उत्तर सरळ आहे. दुरुस्त करूनही जी चालणार नाही, अशी जुनाट बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. चालण्याजोगी असेल तर ती परवाना असणाऱ्यासच, आणि पोलिसांस वा जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवून ४५ दिवस लोटल्यावरच, विकता येते.

धर्माचे उत्तर इतके सोपे नाही. १८५७ साली हत्यारे काढून घेणाऱ्या कायद्याविरुद्ध मुधोळजवळच्या हलगलीचे बेरड लढले. त्यांच्या लेखी शस्त्र हाच मान होता. परंतु तो मान लोखंडात नसून रक्षणाच्या कर्तव्यात असतो, असे आम्हांस वाटते. म्हणून लेकीच्या शिक्षणासाठी बंदूक विकणारा पूर्वजांचा द्रोह करीत नाही. तोही घराचे रक्षणच करतो.

द्रोह घडतो तो निराळ्याच ठिकाणी. ‘ही १८२४ च्या कित्तूरच्या लढाईतली’ अशी कथा पुराव्यावाचून जोडली की किंमत चढते. वस्तू आपली असेल, इतिहास सर्वांचा आहे. बंदूक खुशाल विकावी. मात्र ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगावी, मग भाव उतरला तरी बेहत्तर.