आधी ओल शोधा

पावसाळा सरला की दिवाळीआधी घराला रंग द्यायचे बेत सुरू होतात. एखादी खोली घरच्यांनीच रंगवायची ठरवली, तर पहिला मोह होतो तो थेट ब्रश उचलण्याचा. पण भिंतीत ओल असेल तर महागातला रंगही फुगतो, त्याचे पोपडे निघतात. म्हणून आधी गळती शोधून बंद करायची, भिंत पुरती वाळू द्यायची. मग जुना रंग खरवडायचा, भेगा पुट्टीने भरायच्या, पॉलिश पेपरने घासायचं, धूळ पुसून प्रायमर लावायचा. रंगाचे दोन हात सगळ्यात शेवटी. तेही पहिला वाळल्यावरच दुसरा.

वायरिंग किंवा खांब-तुळया यांना मात्र जाणकारानेच हात लावावा. आपली मर्यादा ओळखणं हाही स्वावलंबनाचाच भाग आहे.

स्वतः राबलं की रंगाऱ्याच्या मजुरीत घासाघीस करणारी जीभ जरा आवरते. आणि कळतं, की दिसणारं काम थोडं, न दिसणारं फार. नात्यांतल्या दुराव्याचंही तसंच. वरून गोड शब्दांचा हात फिरवून भागत नाही. ओल कुठून येते, ते आधी पाहावं लागतं. आज कुणाशी समेट करायचा असेल, तर सुरुवात त्याचं म्हणणं ऐकण्यापासून करूया.